सासूबाईंना पटवू नका, सोबत न्या

पत्र :
माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. साडेतीन महिन्यांचा डोस झाला त्या रात्री तिला १०३ ताप आला, मांडी लाल होऊन सुजली, पहाटेपर्यंत रडत होती. सासूबाईंनीच तिला खांद्यावर टाकून रात्रभर येरझाऱ्या घातल्या. आता गोवराची लस द्यायची तर त्या म्हणतात, "त्या पोरीला पुन्हा टोचायचं नाही. गोवर आम्हा सगळ्या भावंडांना आला होता, कोण मेलं?" शेजारच्या मुलाला लस घेऊनही गोवर झाला, ते एक निमित्त मिळालंय. नणंदबाई टेक्सासला असतात. त्यांनी गोवराच्या लशीने मुलं स्वमग्न होतात असा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "इकडेसुद्धा लोक आता विचार करूनच देतात." यांचं म्हणणं, "बघू पुढच्या महिन्यात." आशाताई येऊन येऊन दमल्या. मला लस द्यायची आहे, पण खरं सांगायचं तर भीती मलाही वाटते. सासूबाईंना वाचून दाखवता येईल असं काही लिहाल का?
— एक आई, बार्शी

उत्तर :
आधी कामाचं बोलू. मुलीला लस याच आठवड्यात द्या. नवव्या महिन्यात द्यायची ती दहाव्यात दिली म्हणून संधी गेलेली नाही, आणि आधीचे डोस पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत. पण गोवरासाठी हेच महिने वाईट. पोटात असताना आईकडून मिळालेलं संरक्षण या वयात ओसरलेलं असतं आणि बाळाचं स्वतःचं अजून उभं राहिलेलं नसतं. मागच्या डोसला ताप आला हे ही लस टाळण्याचं कारण नाही. टाळण्याची खरी कारणं थोडी आहेत. आधीच्या एखाद्या डोसनंतर लगेच श्वास कोंडला, अंगभर गांध्या उठून चेहरा सुजला अशी तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा गंभीर आजाराने वा कॅन्सरच्या औषधांनी बाळाची प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचायचं नाही. सर्दी, किरकोळ ताप, पातळ शी, दात येणं, वजन कमी असणं, यांतलं काही आड येत नाही.

सासूबाईंना वाचून दाखवायला मात्र मी काही लिहिणार नाही. अमेरिकेत ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,७५९ पालकांवर एक प्रयोग केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला लशीने स्वमग्नता (ऑटिझम) येत नाही याचे पुरावे दिले, एकाला गोवराचे धोके वाचायला दिले, एकाला आजारी मुलांचे फोटो दाखवले, एकाला मरता मरता वाचलेल्या बाळाची गोष्ट सांगितली. लस देण्याचा इरादा एकाही गटात वाढला नाही. पुरावे वाचणाऱ्यांचा स्वमग्नतेवरचा विश्वास कमी झाला हे खरं, पण जे आधीच सर्वांत साशंक होते त्यांची लस देण्याची तयारी उलट घटली. वाद हरलेला माणूस वाद सोडतो, हट्ट सोडत नाही, हे सासर नांदलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. तेव्हा खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय ना, तिला उत्तर द्यायला हवं. सासूबाईंचं काय करायचं ते नंतर बघू.

त्या रात्रीपासून सुरुवात करते. साडेतीन महिन्यांना मांडीत जी पेंटा देतात ती पाच आजारांची एकत्र लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर आणणारा एक जिवाणू). यातला डांग्या खोकल्याचा भाग मारलेल्या अख्ख्या जिवाणूंपासून केलेला असतो आणि ताप, सूज, चिडचिड ही बहुतेक त्याचीच करामत. म्हणून त्रास त्याच रात्री झाला. सासूबाईंनी दोन गोष्टींचा संबंध जोडला तो बरोबरच जोडला. सरकारी केंद्रावर गोवराची लस देतात ती गोवर आणि रुबेला (गोवरासारखंच पुरळ येणारा दुसरा आजार) यांची एकत्र लस, तिच्यात तो भाग नसतो. तीत जिवंत पण अशक्त केलेले विषाणू असतात, त्यांना अंगात हळूहळू वाढायला वेळ लागतो. म्हणून पहिले पाच-सहा दिवस बाळ मजेत असतं, आणि ताप आलाच तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येतो. काहींना त्या वेळी अंगावर बारीक पुरळही उठतं, दोन-तीन दिवसांत जातं. हे आधीच घरात सांगून ठेवा. न सांगता ताप आला, तर लस विसरून सगळे नजर काढायला बसतील. सांगून आला, तर सासूबाई म्हणतील, सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं.

एक गोष्ट लपवत नाही. या लशीनंतर दुसऱ्या आठवड्यातल्या तापात साधारण तीन-चार हजार बाळांमागे एखाद्याला तापाची आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बाळाच्या मेंदूवर तिचा कायमचा परिणाम राहत नाही. तीव्र ॲलर्जी त्याहून खूपच दुर्मीळ, दहा लाख डोसांमागे एखादी, आणि ती बहुतेक वेळा लगेचच दिसते. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते त्यासाठी. तो अर्धा तास चुकवू नका.

आता सासूबाईंच्या शंकेकडे नीट बघू, कारण ती शंका अडाणीपणाची नाही. टोचल्यावर काही झालं, तर ते टोचल्यामुळे झालं का? लशींवर काम करणारा प्रत्येक संशोधक सकाळी उठून हाच प्रश्न विचारतो. फिनलंडमध्ये पेल्टोला आणि हाइनोनेन या दोघांनी त्याचं उत्तर फार सुंदर रीतीने शोधलं. त्यांनी ५८१ जुळ्यांच्या जोड्या घेतल्या. जोडीतल्या एकाला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, दुसऱ्याला दिसायला तसंच पण लस नसलेलं इंजेक्शन. तीन आठवड्यांनी अदलाबदल. कुणाला कधी काय दिलं हे आईबापांना माहीत नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. एकच घर, एकच जेवण, एकच हवा, एकच सर्दी. मग आयांनी रोज लिहून ठेवलेल्या तक्रारी मोजल्या. ताप, खोकला, उलट्या, चिडचिड अशा तक्रारी भरपूर होत्या, पण लस नसलेल्या इंजेक्शननंतरही जवळपास तेवढ्याच. सर्दी-खोकला आणि उलट्या तर खोट्या इंजेक्शननंतर थोड्या जास्तच निघाल्या. लशीमुळेच झाले असे त्रास ०.५ ते ४ टक्के भरले. हे १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या वयाची मुलं महिन्यातून एकदा आजारी पडतातच आणि महिन्या-दीड महिन्यांनी त्यांना काही ना काही टोचलं जातं. दोन्ही तारखा शेजारी येणारच.

स्वमग्नतेचं प्रकरण याच तारखांच्या शेजारातून निघालं. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवर लिहिलेला निबंध 'लॅन्सेट'ने छापला. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांनी खणून काढलं की लसकंपन्यांविरुद्ध दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदींत फेरफार झाले होते. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्डची डॉक्टरकीची नोंदणी गेली. पण माणूस खोटा निघाला म्हणून प्रश्नही खोटा, असं म्हणून लोक थांबले नाहीत, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं. डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता आहे, अशा मुलांतही लशीने फरक पडला नव्हता. स्वमग्नतेची लक्षणं आईबापांच्या लक्षात येतात दीड वर्षाच्या आसपास, आणि बऱ्याच देशांत ही लस देतात सव्वा वर्षाच्या सुमारास. नणंदबाईंचा व्हिडिओ एवढ्या एका योगायोगावर उभा आहे.

"पण कंपन्या लपवत असतील तर?" हे कुणीतरी म्हणेलच. मग रोटाशील्डची हकिगत ऐका. जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची ही लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. काही महिन्यांत नोंदींमध्ये एक गोष्ट खटकू लागली: लस घेतलेल्या काही बाळांचं आतडं आतड्यात शिरत होतं. हिशेब केला तेव्हा धोका दहा हजार बाळांमागे साधारण एक निघाला. जुलै १९९९ मध्ये लस थांबवली, ऑक्टोबरमध्ये ती बाजारातूनच गेली. प्रत्यक्षात ती वर्षभरही वापरली गेली नाही. पुढच्या दोन रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या प्रत्येकी ६० हजारांहून अधिक बाळांवर झाल्या, मुद्दाम हाच दुर्मीळ धोका पकडता यावा म्हणून. आपल्याकडे आज देतात त्या रोटाव्हॅकच्या चाचणीतली काही बाळं तर पुण्याजवळच्या वढूची होती. दहा हजारात एक एवढी बारीक गोष्ट ज्या व्यवस्थेने पकडली, ती व्यवस्था शंकेखोर माणसांनीच चालवलेली असते. फक्त ती माणसं शंका आली की मोजतात, आणि उत्तर आलं की मानतात.

तुमच्या मुलीला लशीनंतर कधी जास्त त्रास झालाच, तर तोही असाच मोजला जायला हवा. सिस्टरना सांगा, आशाताईंना सांगा. लसीकरणानंतरच्या त्रासाची नोंद वर पाठवण्याची सरकारी पद्धत आहे. १०३ तापाचं त्या वेळी सांगितलं होतं का? बहुतेक नसेल. आपण शेजारणीला सांगतो, सिस्टरला नाही.

"कोण मेलं?" याचं उत्तर अवघड आहे, कारण जे गेले ते सांगायला येत नाहीत आणि जे राहिले तेच सांगतात. सासूबाई लहान होत्या तेव्हा गोवराची लस सरकारी कार्यक्रमात नव्हती. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं तेव्हा ती घरोघर पोचू लागली. त्याआधी गोवर जवळपास प्रत्येक मुलाला यायचा. तो क्षुल्लक मानला जायचा का? मुलाला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायचं, घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय आत घ्यायचं नाही. साध्या पडशाला एवढं सोवळं कुणी पाळत नाही. आपल्या आज्यांना गोवराची धास्ती होती. ती धास्ती विसरली गेली ती लस आल्यावर, आणि विसरली गेली म्हणूनच आज कुणी "कोण मेलं" म्हणू शकतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हिशेब मांडला की १९७४ पासूनच्या पन्नास वर्षांत लसीकरणाने सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचवले, आणि त्यातले साठ टक्के एकट्या गोवराच्या लशीने. तरीही २०२३ या एका वर्षात जगात एक लाखाहून अधिक माणसं गोवराने गेली. बहुतेक पाच वर्षांखालची, लस न मिळालेली.

गोवर "येऊन गेल्याने" अंग घट्ट होतं, ही समजूत गोवरापुरती खरी आहे. पुन्हा गोवर सहसा होत नाही. पण त्याची किंमत बघा. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्यांची काही गावं आहेत, तिथे २०१३ साली गोवर पसरला. संशोधकांनी ७७ मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं. आधीच्या आजारांशी झुंजून कमावलेल्या त्यांच्या अँटीबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के गायब झाल्या होत्या. म्हणजे गोवर पाहुण्यासारखा येऊन जात नाही, जाताना घरातलं पुंजीचं गाठोडंही नेतो. गोवर बरा झाल्यावर मुलं न्यूमोनियाने आणि जुलाबाने का दगावतात, हे कोडं त्यातून उलगडलं. त्याहून वाईट म्हणजे गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत दडून राहतो आणि पाच-सात-दहा वर्षांनी वर येतो. चांगलं शाळेत जाणारं मूल अडखळू लागतं, झटके येतात, आणि त्यावर इलाज नाही. एसएसपीई म्हणतात त्याला. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत हे प्रमाण १,३६७ मध्ये एक निघालं, आणि वर्षाच्या आत झालेल्यांत ६०९ मध्ये एक. तुमची मुलगी वर्षाच्या आत आहे.

शेजारच्या मुलाची गोष्ट खरी असू शकते. नवव्या महिन्याचा एक डोस साधारण ८५ टक्के बाळांत काम करतो, कारण आईच्या उरल्यासुरल्या अँटीबॉडी काहींमध्ये लशीलाच मारून टाकतात. दुसरा डोस त्यासाठीच असतो, पहिल्यात ज्यांची तयारी झाली नाही त्यांना पकडायला. आता एक हिशेब करा. गल्लीत १०० मुलं, त्यातल्या ९० जणांना एक डोस मिळालेला, १० जणांना काहीच नाही. ९० पैकी १३-१४ कच्चे राहिले. गोवर गल्लीत आला आणि कच्चं असलेलं प्रत्येक मूल आजारी पडलं. एकूण आजारी २३-२४, त्यात लस घेतलेली १३-१४! लोक म्हणणार, निम्म्याहून जास्त आजारी मुलांनी लस घेतलेली होती, मग उपयोग काय? उपयोग हा, की लस घेतलेल्या ९० पैकी ७६ जण घरात खेळत राहिले आणि न घेतलेल्या दहापैकी एकही सुटला नाही. शेजारच्या त्या मुलाला दुसरा डोस मिळाला होता का, एवढं मात्र सहज विचारा.

गोवर इतका भराभर का धरतो? आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. एक रुग्ण, आजूबाजूला कुणालाच संरक्षण नसेल, तर १२ ते १८ जणांना देतो. म्हणून ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. त्याखाली गेलं की तो वाट शोधतो. मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हेच झालं. कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या डोसांची ती वसुली होती, आणि पाठोपाठ भिवंडी, मालेगावातही रुग्ण सापडले.

नणंदबाईंना कळवा की त्यांच्याच राज्याच्या पश्चिम टोकाला गेन्स काउंटीत २०२५ च्या जानेवारीत गोवर सुरू झाला. तिथल्या बालवाडीतल्या मुलांत लस घेतलेली होती जेमतेम ८२ टक्के. ऑगस्टमध्ये साथ संपली तोवर टेक्सासात ७६२ रुग्ण झाले आणि शाळेत जाणारी दोन मुलं गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती. २००० साली ज्या देशाने गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं, तिथली ही गोष्ट. "विचार करून देतात" यातला विचार कुठे जातो तो असा. पण हे त्यांना चारचौघांच्या ग्रुपवर लिहू नका. फोन करा आणि त्यांच्या स्वतःच्या मुलांचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण आहे का ते विचारा. बहुतेक वेळा पूर्ण असतं, आणि व्हिडिओ आपल्यासाठी असतो.

आता मिस्टरांचं "पुढच्या महिन्यात". माझ्या मते तुमच्या घरातला खरा अडथळा हा आहे, सासूबाई नव्हेत. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीसारखं चालू होतं त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरू लागलं तिथे १८ टक्के. शिबिरासोबत प्रत्येक डोसला किलोभर डाळ आणि सगळे डोस झाले की स्टीलच्या ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के. किलोभर डाळीसाठी कुणी आपली श्रद्धा बदलत नाही. म्हणजे बहुतेक घरांत विरोध नव्हताच, होतं ते लांबवणं. आज रोजगार आहे, उद्या बाजार आहे, परवा बघू. तुमच्या घरी डाळ द्यायला मी येणार नाही, पण दिवस तुम्ही ठरवू शकता. आशाताईंना विचारून सत्राचा वार आणि वेळ घ्या, आणि यांना "द्यायची का?" असं न विचारता "बुधवारी सकाळी गाडी लागेल" असं सांगा.

आणि त्या गाडीवर मागे सासूबाईंना बसवा.

हे मी गमतीने म्हणत नाही. त्यांना लसीकरणाला न्या, तपासनीस म्हणून न्या. असं का म्हणते, ते सामोआच्या गोष्टीवरून कळेल. पॅसिफिकमधलं दोन लाख वस्तीचं हे छोटं राष्ट्र. जुलै २०१८ मध्ये तिथे दोन बाळं गोवराच्या लशीनंतर काही मिनिटांत गेली. चौकशीत कळलं की लशीची पूड पातळ करायला द्रावणाऐवजी स्नायू सैल करणारं औषध वापरलं गेलं होतं. लस चांगली होती, बाटली चुकली होती. पण सरकारने लसीकरण कित्येक महिने बंद ठेवलं, अफवांना मोकळं रान मिळालं, आणि लस मिळालेल्या बाळांचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरलं. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. ५,७०० हून अधिक रुग्ण, ८३ मृत्यू, बहुतेक चिमुकली. डिसेंबरात सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला आणि ज्या घरात लस न घेतलेलं माणूस आहे त्या घराला बाहेर लाल फडकं बांधायला सांगितलं, म्हणजे पथकांना दार कळेल.

त्या दोन बाळांच्या आयांना "घाबरू नका" म्हणणारी मी कोण? पण सामोआत कुणीतरी बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला हवं होतं. तुमच्या सासूबाईंना तेवढंच काम द्या. गोवराची लस पूड असते, ती तिच्यासोबत आलेल्या द्रावणातच कालवायची असते आणि कालवल्यापासून चार तासांत वापरायची असते. मग "सिस्टर, बाटली किती वाजता फोडली?" हे त्यांना खुशाल विचारू द्या. चांगली सिस्टर वेळ लिहून ठेवते आणि विचारल्याचा राग मानत नाही. नवी बाटली फोडणार असतील तर तिच्यावरची खूण बघायला मागा. जांभळट गोलात एक फिका चौकोन असतो. लशीला उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो गोलापेक्षा फिका असेल तर लस ठीक, गोलाइतका गडद झाला तर ती बाटली बाद. सिरिंज समोर पाकिटातून काढलेली असावी. सरकारी सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या पुन्हा मागे येतच नाही. रात्रभर येरझाऱ्या घालणारी बाई ही नजर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त चोख ठेवेल. त्या रात्रीची कदर कुणी केली आहे का घरात? ती करा, आणि मग विचारा, "तुम्ही येता का बरोबर? तुम्ही असलात की मला धीर येतो." तुमच्या पत्रावरून तरी ते खोटं वाटत नाही.

त्यांना आधीच सांगून न्या की या खेपेला टोचे एकाहून जास्त असतील. नऊ महिन्यांच्या भेटीत गोवर-रुबेलाबरोबर न्यूमोनियाविरुद्धच्या पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस असतो, शिवाय तोंडातून अ जीवनसत्त्व. एकाच दिवशी सगळं दिलं तर चालतं. तिथे गेल्यावर तीन सुया दिसल्या आणि कुणी बोललेलंच नसेल, तर त्या बाळाला उचलून घरी येतील आणि त्यात त्यांचं चुकणार नाही. अ जीवनसत्त्व केंद्रावर देतील तेवढंच, घरी वरून पाजू नका, जास्त झालं तर ते यकृताला त्रास देतं.

खासगी डॉक्टर गालगुंडासकट असलेली एमएमआर सुचवतील. परवडत असेल तर जरूर विचारा, पण त्यासाठी आणखी महिना घालवणार असाल तर सरकारी लस आधी घ्या. गोवरापुरती ती तितकीच चांगली आहे.

निघण्याआधी बाळाला अंगावर पाजा. तापाच्या औषधाचं माप वजनावर ठरतं, तेव्हा सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या, शेजारच्या बाळाचं माप वापरू नका. टोचल्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-चुना काही लावायचं नाही. आंघोळ चालते. आकडी आली, श्वास लागला, बाळ मलूल पडून दूध ओढेनासं झालं, किंवा तीन तासांहून जास्त वेळ एकसारखं रडत राहिलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

सासूबाई तरीही नाहीच म्हणाल्या तर? तर त्यांच्याशी न भांडता तुम्ही आशाताईंबरोबर जा. आईने बाळाला लस द्यायला घरात एकमत व्हावं लागत नाही. घरी आल्यावर लपवू मात्र नका. सातव्या दिवशी ताप आला आणि तेव्हा कळलं, तर पुढचा डोस कायमचा गेला.

पुढचा डोस सोळाव्या महिन्यानंतर, दोन वर्षांच्या आत. त्याच दिवशी पेंटातल्या त्या डांग्या खोकल्याच्या भागाचा बूस्टरही असतो, म्हणजे पुन्हा एक तापाची रात्र होऊ शकते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसेल असा दिवस निवडा, औषध घरात आणून ठेवा आणि तेव्हा येरझाऱ्या यांना घालायला लावा. कार्डाचा फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा. माहेरी किंवा दुसऱ्या गावी असलात तरी कुठल्याही सरकारी केंद्रावर तो डोस मिळतो, फक्त आधीचं काय झालंय ते त्यांना दिसायला हवं.